व्हीआरमधलं गाव घेण्याआधी खेळाडूंची मतं कशी वाचाल?

आदिलाबाद, बेला, जैनद, तलमडुगु या पट्ट्यातले वाचक हल्ली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. डोक्याला चष्मा लावून गाव वसवण्याचा व्हीआर खेळ घ्यायचा आहे, स्वतःसाठी किंवा घरातल्या मुलासाठी. दुकानाच्या पानावर मतं वाचायला बसलं की डोकं चक्रावतं. एक जण खेळाला डोक्यावर घेतो आणि त्याच्या खालचाच पैसे बुडाल्याचं सांगतो. मग खरं कुणाचं?

बहुतेक वेळा दोघांचंही. हे खेळ सँडबॉक्स प्रकारातले असतात. मोकळी जमीन आणि घरं-रस्त्यांचे तुकडे हाती देऊन खेळ बाजूला होतो. जिंकणं-हरणं नाही, काहींत तर पैसाही नाही. त्यामुळे मत देणारा खेळाबद्दल जेवढं सांगतो, तेवढंच स्वतःच्या अपेक्षेबद्दल सांगून जातो. शिवाय त्याचा चष्मा, त्याचा संगणक आणि व्हीआरमध्ये त्याला मळमळतं की नाही, हेही त्या दोन ओळींत मिसळलेलं असतं. तेव्हा तारे मोजण्याऐवजी तक्रार नेमकी कशाची आहे ते वाचा.

आधी खेळाची जात ओळखा

'गाव बांधायचा खेळ' या एका नावाखाली बरीच वेगळी मंडळी बसलेली आहेत. निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

- सिटीज: व्हीआर हा खेळ फास्ट ट्रॅव्हल गेम्सने एप्रिल २०२२ मध्ये आणला. संगणकावरच्या २०१५ च्या 'सिटीज: स्कायलाइन्स'वर तो बेतलेला आहे. वीज, पाणी, कर, वाहतूक असा पालिकेचा सगळा व्याप यात आहे. डोकं लावून खेळणाऱ्याला तो आवडतो, पण नुसतं रमायला आलेल्याला ही कारकुनी वाटू शकते.
- लिटल सिटीज हा पर्पल योंडरचा खेळ मे २०२२ मध्ये आला. रस्ते तुम्ही टाकायचे, कुठे वस्ती, कुठे दुकानं, कुठे कारखाने ते ठरवायचं. इमारती आपोआप उगवतात. खेळ शांत आणि सोपा आहे. मात्र एकेक घर स्वतःच्या हाताने मांडायची हौस इथे भागत नाही.
- टाउनस्केपर हा ओस्कार स्टोलबर्ग यांचा खेळ. २०२१ मध्ये संगणक आणि मोबाइलवर आला, २०२२ मध्ये व्हीआरमध्ये. पाण्यावर रंगीत ठोकळे ठेवत जायचं, त्यांची घरं, कमानी, जिने खेळ स्वतः जुळवतो. ध्येय नाही, पैसा नाही, माणसंही नाहीत.
- टायनी टाउन व्हीआर हा अस्सल सँडबॉक्स. घरं, झाडं, माणसं, गाड्या उचलून मेजावर मांडल्यासारखी मांडायची आणि देखावा तयार करायचा. गणपतीपुढची आरास करायला ज्यांना आवडते, त्यांचा हा खेळ.
- टाउन्समेन व्हीआर मध्ययुगीन बेटावरचा. इथे गावकऱ्याला चिमटीत उचलून कामाला लावता येतं. संसाधनं गोळा करण्याचा भाग मोठा आहे.

तुम्हाला कारभार करायचा आहे की मांडणी, हे आधी ठरवा. त्यानंतर मतं उघडा. एरवी मांडणीच्या खेळावरची कारभारी माणसाची तक्रार वाचून तुम्ही चांगला खेळ सोडून द्याल.

एकच तक्रार, कुणासाठी काय?

या खेळांवरच्या मतांत ठरावीक तक्रारी फिरून फिरून येतात. त्या कशा तोलायच्या ते पाहा.

*'यात करायला काहीच नाही'* अशा अर्थाचं मत सर्वांत जास्त दिसतं. सँडबॉक्ससाठी याला दोष म्हणता येत नाही, ते खेळाचं वर्णन आहे. लिहिणाऱ्याला टप्पे, बक्षिसं, अडचणी हव्या होत्या. तुमचा मुलगा वाळूत किल्ला करताना कुणी गुण दिले नाहीत तरी तासभर रमत असेल, तर हे नकारात्मक मत तुमच्यासाठी जवळपास शिफारसच आहे. उलट जो प्रत्येक खेळात 'पुढची पातळी कधी?' विचारतो, त्याच्यासाठी हा इशारा गंभीरपणे घ्या.

*'वस्तू थोड्याच आहेत'* या तक्रारीला मात्र वजन आहे. मांडणीच्या खेळाची सगळी मजा सामानात असते. इथे मताची तारीख बघा. असे खेळ बरेचदा अपुऱ्या अवस्थेत, अर्ली ॲक्सेस म्हणून विकायला येतात आणि सामान नंतर वाढतं. कधी वाढतच नाही. अर्ली ॲक्सेसच्या खेळात शेवटचा अपडेट कधी आला ते पानावर दिसतं. वर्षभर काही हललेलं नसेल, तर आज आहे तेवढाच खेळ विकत घेताय असं धरून चाला. 'लवकरच येत आहे'चे पैसे देऊ नका.

*'चित्र अंधूक दिसतं, लांबच्या इमारती अचानक उगवतात'* ही तक्रार सिटीज: व्हीआर आला तेव्हा जोरात होती. ती मतं २०२२ ची, म्हणजे मेटा कंपनीच्या क्वेस्ट २ चष्म्यावरची. क्वेस्ट ३ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. खेळाचंही सुधारित रूप प्लेस्टेशनच्या व्हीआर २ साठी २०२३ मध्ये निघालं. तुमच्याकडे कोणता चष्मा आहे किंवा येणार आहे, त्याच चष्म्यावरचं मत शोधा. चष्म्याचा उल्लेखच नसलेलं चित्राविषयीचं मत खुशाल ओलांडून पुढे जा.

*'गाव मोठं झालं की खेळ अडखळतो'* हे वाचलंत तर थांबा. गाव वसवणाऱ्या खेळांचा हा खरा आजार आहे. पहिल्या तासात तो दिसत नाही आणि परताव्याची मुदत संपल्यावर डोकं वर काढतो. वीस-तीस तास खेळलेल्यांची मतं शोधायची ती यासाठीच.

*'जतन केलेलं गाव गेलं'* अशी तक्रार एकाची असेल तर नशीब म्हणता येईल. वेगवेगळ्या महिन्यांत चार-पाच जण तेच सांगत असतील तर तो खेळ घेऊच नका. महिनाभर खपून वसवलेली वस्ती एका रात्रीत नाहीशी झाली की मुलं पुन्हा त्या खेळाकडे फिरकत नाहीत. मोठ्यांचंही तेच.

*'गरगरलं, मळमळलं'* हे सर्वस्वी माणसागणिक. वरून मेजावर पाहिल्यासारखं गाव दिसत असेल तर त्रास कमी होतो. जमीन ओढत फिरायचं, किंवा छोटं होऊन रस्त्यात उतरायचं असेल तर वाढतो. मतात 'टप्प्याटप्प्याने वळण्याची सोय आहे', 'बसून खेळता येतो' असं काही लिहिलंय का ते पाहा. घरी पलंगावर किंवा खुर्चीत बसून खेळणाऱ्याला उभ्याने खेळणाऱ्याचं मत अर्धंच कामाचं.

स्टीमवरचे शब्द आणि त्यामागचे आकडे

संगणकाला जोडून व्हीआर खेळणारे बहुधा स्टीमवरून खेळ घेतात. तिथे तारे नाहीत, फक्त अंगठा वर किंवा खाली. 'मोस्टली पॉझिटिव्ह' म्हणजे साधारण ७० ते ७९ टक्के लोकांनी अंगठा वर केला. 'मिक्स्ड' म्हणजे ४० ते ६९. व्हीआरच्या छोट्या खेळांवर मतंच मोजकी असतात, तेव्हा पाच-सहा नाराजांनी हा शब्द बदलतो. मतं पन्नासच्या आत असतील तर शब्दाकडे न बघता सगळी मतं वाचून काढा. अर्ध्या तासाचं काम आहे.

पाहायच्या गोष्टी:

- प्रत्येक मतापुढे किती तास खेळून ते लिहिलं हे छापलेलं असतं. अर्ध्या तासात लिहिलेलं मत चष्म्याची जोडणी आणि पहिली छाप सांगतं. एवढ्यात गाव उभं राहत नाही.
- अलीकडच्या ३० दिवसांचा निकाल आणि एकूण निकाल वेगळे दिले असतील तर फरक बघा. एकूण चांगला आणि अलीकडचा वाईट असेल तर बहुतेक ताज्या अपडेटने काहीतरी बिघडवलेलं असतं.
- खेळ फुकट मिळाला होता अशी नोंद असलेली मतं वेगळी ठेवा. वाचा, पण मोजू नका.
- अंगठा खाली, तरीही शंभर तास खेळलेला माणूस दिसला तर त्याचं मत सावकाश वाचा. असा माणूस खेळाच्या उणिवा सर्वांत नेमक्या सांगतो. रागावलेल्या भक्ताइतका चांगला समीक्षक मिळणं कठीण.

स्टीमची पानं मराठीत दिसत नाहीत, तेलुगूतही नाहीत; त्या बाबतीत आपल्या जिल्ह्यात कुणावर अन्याय झालेला नाही. ब्राउझरमधलं भाषांतर वापरा, पण खेळाडूंची थट्टा त्यात नेहमीच नीट उतरत नाही. अंगठा वर आणि मजकूर शिव्यांचा दिसला तर ती बहुधा थट्टाच असते.

पैसे घेऊन दिलेलं मत

व्हिडिओवाल्यांची मतं हा आणखी एक सापळा. केंद्र सरकारच्या जून २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, शिफारस करणाऱ्याचा कंपनीशी आर्थिक किंवा तसा दुसरा संबंध असेल, तर तो त्याने उघड सांगायला हवा. 'हा चष्मा मला कंपनीने दिला' हे वाक्य व्हिडिओत स्पष्ट ऐकू यायला हवं, खालच्या वर्णनात गाडलेलं चालत नाही. ऑनलाइन ग्राहक-मतांसाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानकही जाहीर केलं. मतं कशी गोळा करावीत, तपासावीत, छापावीत याचे नियम त्यात आहेत. ते पाळणं ऐच्छिक आहे, त्यामुळे दुकानाने ते पाळलं असेलच असं धरू नका.

दोन तासांची सवलत नीट वापरा

हजार मतं वाचण्यापेक्षा स्वतःचे दोन तास जास्त सांगतात. स्टीमवर आणि मेटाच्या दुकानात साधारण नियम सारखाच आहे: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. प्लेस्टेशनचं वेगळं. तिथेही १४ दिवसच, पण खेळ डाउनलोड करायला सुरुवात केली की हा हक्क सहसा जातो. म्हणजे प्लेस्टेशनवाल्यांना दुसऱ्यांच्या मतांवर जास्त भिस्त ठेवावी लागते.

ते दोन तास असे वापरा:

1. खेळ घ्यायच्या आधी चष्म्याची जोडणी, हातातल्या कंट्रोलरची चार्जिंग, खोलीची हद्द आखणं सगळं उरकून घ्या. खेळ उघडा ठेवून चहाला गेलात तरी घड्याळ चालूच राहतं.
2. पहिली वीस मिनिटं फक्त शरीराकडे लक्ष. मळमळ सुरू झाली की लगेच काढून ठेवा; सोसत बसू नका.
3. मग ओळखीची जागा बांधायला घ्या. आपल्या गल्लीचा चौक, कापसाचं मार्केट यार्ड, केस्लापूरच्या नागोबा जत्रेतली दुकानांची रांग, काहीही. अनोळखी गाव बांधताना खेळ देईल ते गोड लागतं. ओळखीचं बांधताना काय जमत नाही ते लगेच कळतं. बैलगाडी मिळणार नाही हे गृहीत धरा. पण घर हवं तिथे फिरवता येतं का? चुकीचं ठेवलेलं मागे घेता येतं का? उतार करता येतो का?
4. जतन करा, खेळ बंद करा, पुन्हा उघडा. सगळं जागच्या जागी आहे ना?
5. शेवटी मुद्दाम सामानाची गर्दी करा, अडखळतो का ते पाहा.
6. दीड तासाला थांबा. निर्णय त्याच रात्री घेऊ नका. दुसऱ्या दिवशी चष्मा पुन्हा घालावासा वाटला तर ठेवा, नाहीतर परताव्याचा अर्ज करा.

टाउनस्केपरच्या बाबतीत आणखी स्वस्त वाट आहे: आधी मोबाइलवर खेळून पाहा. ठोकळे रचण्यात मन रमलं नाही, तर चष्म्यातही रमण्याची शक्यता कमीच.

पैसे भरताना कार्ड चालत नाही ही तक्रारही वारंवार येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या कार्डावर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंदच असतात, ते बँकेच्या ॲपमधून तुम्हालाच सुरू करावे लागतात. काम झालं की पुन्हा बंद करा. स्टीमवर किंमत रुपयांत असते आणि यूपीआयही चालतं.

चष्माच घ्यायचा असेल तर

इथे चूक महाग पडते. खेळ काही शे रुपयांचा, चष्मा हजारोंचा. आपल्याकडच्या ऑनलाइन दुकानांत दिसणारे बरेच क्वेस्ट चष्मे दुसऱ्या देशातून आणून विकलेले असतात. त्यामुळे 'एक वर्ष वॉरंटी' असं दिसलं की विचारा: कंपनीची की विक्रेत्याची? दुरुस्ती कुठे होईल? उत्तर लेखी घ्या, चॅटमधलंही चालेल, त्याचं चित्र काढून ठेवा. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्याचं नाव-पत्ता, आयात मालाचा आयातदार, परताव्याच्या अटी आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव ही माहिती देणं बंधनकारक आहे. ती सापडत नसेल तर ते दुकान सोडा.

शक्य असेल तर आधी डोक्यावर चढवून बघा. नागपूर आपल्यापासून सुमारे २०० किलोमीटर, हैदराबाद ३०० च्या आसपास, दोन्ही राष्ट्रीय महामार्ग ४४ वरच. लग्नकार्याला किंवा दवाखान्याच्या कामाला जाणं होतंच, तेव्हा एखाद्या मॉलमधल्या व्हीआर केंद्रात थोडे पैसे भरून अर्धा तास घाला. नंबरचा चष्मा असेल तर तो घालूनच बघा.

जुना चष्मा घेताना:

- आधीच्या मालकाचं खातं काढून, चष्मा कोरा करून, तुमच्या खात्याने तुमच्यासमोर चालू करून द्यायला सांगा.
- 'आत पन्नास खेळ फुकट' याला भुलू नका. खेळ खात्याला चिकटलेले असतात, मालकाबरोबर जातात. नाहीतर ते चोरीचे असतात.
- २०१९ चा मूळ क्वेस्ट कितीही स्वस्त मिळाला तरी नको. कंपनीने त्याचा पाठिंबा काढून घेतला आहे.
- पडद्यावर एखाद्या बिंदूसारखा जळका डाग आहे का ते पांढरं चित्र लावून बघा. उन्हात ठेवलेल्या चष्म्याचा पडदा भिंगातून आलेल्या किरणांनी जळतो. आपल्याकडच्या मे महिन्यात खिडकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवणं म्हणजे तो गमावणं.

संगणकाला जोडायचा विचार असेल तर ऑफिसच्या साध्या लॅपटॉपवर व्हीआर चालत नाही, वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. आणि रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल डेटावर अवलंबून असाल, तर खेळाच्या पानावर त्याचं आकारमान आधी बघा. अपडेट वेगळे येतात.

जागेचं विसरू नका. वर हात केला की पंख्याला लागेल अशा ठिकाणी उभ्याने खेळू नका.

मुलं आणि 'बंदी'चा गोंधळ

मेटाचे चष्मे १० वर्षांच्या आतल्या मुलांसाठी नाहीत. १० ते १२ वर्षांच्या मुलांसाठी पालकांच्या ताब्यातलं खातं लागतं. प्लेस्टेशन व्हीआर २ बाबत १२ वर्षांखालच्यांना नको असं सोनी सांगते. दुकानात मुलाने स्वतः मतं वाचून हट्ट धरला तरी खातं तुमच्या नावाने आणि कार्ड तुमच्या हातात ठेवा.

ऑनलाइन गेमिंगवर बंदी आली, मग हेही बंद होणार का, असं बरेच जण विचारतात. नाही. ऑगस्ट २०२५ चा केंद्राचा कायदा पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे. तेलंगणात तर असे खेळ २०१७ पासूनच बंद आहेत. एकदा किंमत देऊन घेतलेला गाव वसवण्याचा खेळ त्यात बसत नाही, कारण तिथे डाव लावायला काही नसतंच. मात्र 'गाव वसवा, कमाई करा' अशी जाहिरात दिसली, आभासी जमीन विकत घेऊन नफ्याचं आमिष दाखवलं, तर त्यापासून लांब राहा.

फसवणूक झालीच तर

परदेशी दुकानातून घेतलेल्या खेळाच्या पैशांसाठी आधी त्या दुकानाचा परताव्याचा अर्जच भरा; तोच सर्वांत वेगाने चालतो. चष्म्याचं प्रकरण इथल्या विक्रेत्याशी असेल तर तुमचा हात बराच बळकट आहे.

- ऑनलाइन दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात निकाल लावायचा असतो.
- पुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. मराठी आणि तेलुगू, दोन्हींत बोलता येतं.
- तरीही दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी. म्हणजे आदिलाबादकरांना आदिलाबादचा आयोग. राज्याच्या हद्दीपलीकडे किनवटला राहत असाल तर नांदेडचा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं.

बिल, ऑर्डरचं पान, चॅट, आणि खोका उघडतानाचं चित्रण जपून ठेवा. विक्रेत्याच्या पानावरची जी मतं वाचून भुललात, त्यांचंही चित्र काढून ठेवा. ती नंतर गुपचूप बदललेली दिसली तर उपयोगी पडतात.

तुम्ही मत लिहाल तेव्हा

लिहाच, कारण आपल्या भागातून लिहिणारे फार थोडे. चष्म्याचं नाव, बसून की उभ्याने, किती तास, गाव किती मोठं झालं, अडखळलं का, आणि तुम्हाला कारभार हवा होता की मांडणी, एवढं पाच-सहा ओळींत सांगा. अंगठा वर की खाली ते त्यानंतर. मराठीत लिहिलंत तरी चालतं; भाषेच्या यादीत मराठी नसेल तर जवळची कोणतीही भाषा निवडा. खालीच चार ओळी इंग्रजीत दिल्यात तर खेळ बनवणाऱ्यांपर्यंतही पोचेल. छोट्या व्हीआर खेळांच्या पानांवर बनवणारे बरेचदा स्वतः उत्तर देतात.